शिबिराबाहेरचा दाता

पहाटे साडेपाच

आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस. सोलापूरकरांना हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: उजनीचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या पहाटे येतं त्या पहाटे घरातलं पहिलं काम तेच. पिंप, घागरी, बादल्या, मोरीतला हौद, सगळं भरून घेतलं. आज जरा घाईच केली, कारण दुपारनंतर सुई टोचलेल्या हाताने जड काही उचलायचं नाही, असं रक्तपेढीतून बजावून सांगितलंय.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन नमुना देऊन आलो होतो. रात्री फोन आला. "काका, रिपोर्ट चांगले आहेत. प्लेटलेट दोन लाख साठ हजार आहेत. उद्या अकराला या. आणि उपाशी येऊ नका."

रक्त मी वर्षानुवर्षं देत आलो आहे. शिवजयंती, आंबेडकर जयंती, बसवेश्वर जयंती, गणपती, पंधरा ऑगस्ट. सोलापुरात उत्सवांना तोटा नाही आणि उत्सव म्हटला की कुठल्या तरी मंडळाच्या मांडवात रक्तदानाच्या खाटा मांडलेल्या असतातच. प्लेटलेट मात्र आज पहिल्यांदा देणार.

सात

काल रात्रीपासून घरात माझ्यासाठी तेलकट बंद. रक्तात चरबी उतरली की प्लेटलेटची पिशवी गढूळ होते, म्हणून. ताटातली शेंगाचटणी बायकोने उचलून ठेवली आणि दूध-भाकरी पुढे केली. दुधात कॅल्शियम असतं, आणि आजच्या दिवसात कॅल्शियमला महत्त्व आहे. का, ते पुढे येईलच.

आईला मात्र रुखरुख होती. पितृपंधरवडा चालू आहे. "पंधरवड्यात नवीन काही करू नये बाबा," ती म्हणाली. बायको भाकरी थापता थापताच बोलली, "आत्या, पंधरवडा दानाचाच असतो की. आपण जेवायला घालतो, हे रक्तातलं देतायत." आईने क्षणभर विचार केला आणि पेल्यात आणखी दूध ओतलं. मला वाटतं, या विषयावर याहून शहाणं कुणी बोलू शकणार नाही.

साडेनऊ

नवी पेठ सकाळी उशिरा जागी होते. शटर वर जातात, दुकानापुढे पाण्याचा सडा पडतो, गल्ल्यावरच्या तसबिरीला उदबत्ती लागते. मी कापडाच्या दुकानात काम करतो, सूटिंग-शर्टिंगच्या बाजूला. दिवसभर ताके काढायचे, उलगडून दाखवायचे, गिऱ्हाइकाचं मन वळलं की मीटरला लावून कापायचे, नाही वळलं तर पुन्हा गुंडाळून फळीवर चढवायचे. हाताचं काम आहे. म्हणूनच मालकांना आधी विचारणं भाग होतं.

पंधरवड्यात कापड-बाजार थंड असतो. नवे कपडे कुणी घेत नाही. घटस्थापना झाली की दसरा-दिवाळीची गर्दी सुरू होते आणि मग पाणी प्यायलाही सवड नसते. मालक म्हणाले, "मामा, तुम्ही जा. आल्यावर गल्ल्यावर बसा. ताक्यांना हात लावायचा नाही आज." दिवसाची मजुरी कापण्याचा विषयसुद्धा त्यांनी काढला नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे. शिबिरात रक्त द्यायला पंधरा मिनिटं लागतात आणि ते बहुधा सुट्टीच्या दिवशी असतं. प्लेटलेटला जाऊन-येऊन तीन तास लागतात आणि बोलावणं केव्हाही येतं. नोकरी करणाऱ्या माणसाला कुणी सोडलंच नाही, तर तो इच्छा असूनही काय देणार?

साडेदहा

चालतच निघालो. पार्क चौकाकडून, चार पुतळ्यांवरून. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेले आमचे चौघे हुतात्मे. इथून जाताना हात आपोआप जोडले जातात.

आज मनात होते ते मात्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस. तेही सोलापूरचेच, जन्म १९१० चा. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. ज्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले, त्याला नाव होतं नॉर्मन बेथून या कॅनडाच्या डॉक्टरांचं. या बेथून यांनी त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात दात्यांचं रक्त बाटल्यांत भरून, गाडीत घालून थेट आघाडीवर नेण्याची व्यवस्था उभी केली होती. जखमी रक्तापर्यंत पोचू शकत नसेल तर रक्त जखमीपर्यंत गेलं पाहिजे, हा विचार. आज एका साध्या फोनवर मी रक्तपेढीकडे निघालो आहे, त्यामागे अशी माणसं उभी आहेत. कोटणीसांच्या गावचा माणूस म्हणून मला याचा अभिमान वाटतो.

अकरा

फॉर्म. शिबिरातल्यापेक्षा लांब. वय विचारलं: प्लेटलेटसाठी अठरा ते साठ. वजन: पन्नास किलोच्या वर हवं. शेवटचं रक्त कधी दिलं? पंधरा ऑगस्टला. म्हणजे अठ्ठावीस दिवस उलटून गेलेले, चालेल. कावीळ, मलेरिया, दात काढला का, नुकतं काही टोचून घेतलं का.

मग एक प्रश्न जो शिबिरात इतक्या बारकाईने विचारत नाहीत: "गेल्या तीन दिवसांत डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी घेतली का? अॅस्पिरिन?" मी नाही म्हणालो. डॉक्टर मॅडमनी कारण सांगितलं. प्लेटलेटचं काम एकमेकींना चिकटून जखमेचं तोंड बुजवायचं. अॅस्पिरिन नेमकी तीच चिकटण्याची ताकद मारते, आणि ज्या प्लेटलेटवर तिचा परिणाम झाला ती संपेपर्यंत निकामीच राहते. अशी पिशवी रोग्याला चढवली तर आकडा वाढलेला दिसेल, रक्तस्राव मात्र थांबणार नाही.

रक्तदाब पाहिला, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे याची खात्री केली. मग दोन्ही कोपरांच्या वळणात बोटांनी दाबून शीर चाचपली. सुई नेहमीपेक्षा जाड नसते, पण ती तासभर जागची हलता कामा नये, म्हणून शीर भक्कम लागते. डावा हात ठरला. इतकी वर्षं रक्त देऊनही शिरेसाठी हात ताणून धरल्यावर पोटात जरासं कालवतंच.

साडेअकरा ते एक

खोली थंड. बाहेर सप्टेंबरचं ऊन आणि आत एसी, त्यामुळे अंगावर घ्यायला चादर दिली. अर्थात सोलापुरीच. मशिन चालवणारी पोरगी पंचविशीतली असेल. तिने माझ्या डोळ्यांदेखत नव्या किटचं पाकीट फोडलं. नळ्या, पिशव्या, मधलं फिरणारं भांडं, सगळं एका माणसाच्या एका वेळेपुरतं. काम झालं की टाकून द्यायचं. मागच्या माणसाचं काहीही पुढच्याला लागत नाही. प्लेटलेटची ही पिशवी महाग पडते, त्यात या किटचा वाटा मोठा. ज्यांना संसर्गाची भीती वाटते त्यांनी एकदा हे पाकीट फोडताना बघावं.

"काका, मूठ आवळा. सोडा. आवळा." हातात स्पंजचा चेंडू. सुई आत गेली आणि नळी लाल झाली.

पुढचं मी सगळं विचारून घेतलं, आणि ती पोरगी न कंटाळता सांगत राहिली. रक्त नळीतून बाहेर येतं तेव्हा त्यात सायट्रेटचं औषध थेंब थेंब मिसळतं, म्हणजे ते गोठत नाही. मग ते भांड्यात जाऊन गरगर फिरतं. तांबड्या पेशी जड, त्या बाहेरच्या कडेला जातात. प्लाझ्मा हलका, तो आत राहतो. या दोहोंच्या मधल्या पातळ थरात प्लेटलेट असतात. मशिन तेवढाच थर उचलून वेगळ्या पिशवीत घालतं आणि तांबड्या पेशी, बराचसा प्लाझ्मा त्याच सुईतून पुन्हा मला देतं. थोडं घ्यायचं, फिरवायचं, परत करायचं. पुन्हा घ्यायचं. रक्त जाताना कळत नाही. परत येताना मात्र दंडात गारवा चढत जातो, कारण ते बाहेर फिरून आलेलं असतं.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला ओठांना मुंग्या आल्या. जिभेच्या टोकाशीही. पोरगी माझ्या चेहऱ्याकडे बघतच होती. "मुंग्या येतात का? सांगायचं हं, लपवायचं नाही." तिने रक्त परत सोडण्याचा वेग कमी केला आणि चघळायला कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिल्या. सायट्रेट रक्तातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. रक्त न गोठण्याचं गुपित तेच. परत येणाऱ्या रक्ताबरोबर त्यातलं थोडं आपल्या अंगात येतं, आपलं कॅल्शियम जरा वेळ कमी पडतं आणि ओठांना, बोटांना ते कळतं. काही वेळात शरीर ते निस्तरतं. दूध-भाकरीचं कारण हे. नव्या दात्याला एवढं आधी माहीत असलं की तो घाबरत नाही. माहीत नसेल तर ओठ बधिरल्यासारखे होताच माणसाला वाटतं, आपलं काहीतरी बिघडलं. म्हणून सांगतो, मुंग्या आल्या की लगेच बोला. गप्प सोसण्यात काही मोठेपणा नाही.

वरच्या खुंटीला टांगलेली पिशवी मी बघत होतो. इतकी वर्षं रक्ताची पिशवी म्हटली की काळपट लालच डोळ्यापुढे यायची. हिच्यात वरणाच्या निवळीसारखं फिकट पिवळं पाणी साठत होतं. हात लावला तर कोमट लागेल असं वाटणारं. त्या अडीचशे मिलीलिटरच्या आसपासच्या पाण्यात किमान तीस हजार कोटी प्लेटलेट असायला हव्यात, असा दंडक आहे. शिबिरातल्या एका रक्तपिशवीतून ज्या प्लेटलेट निघतात, त्याच्या साधारण सहापट. म्हणजे सहा जणांचं एकत्र करून जे द्यावं लागलं असतं, ते एकाकडून मिळतं. ज्या रोग्याला महिनोन्महिने पुन्हा पुन्हा चढवावं लागतं, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. परक्या माणसांचा जितका कमी संबंध तितकं त्याचं शरीर कमी बंड करतं आणि पुढच्या पिशव्या लागू पडत राहतात.

आणि माझं काय? माझ्या प्लेटलेट साधारण पाव हिश्श्याने कमी होतील आणि दोन-तीन दिवसांत भरून येतील. तांबड्या पेशी परत मिळाल्यामुळे अशक्तपणा जवळजवळ नाहीच. म्हणूनच रक्त देताना पुरुषांना नव्वद दिवस थांबावं लागतं, बायकांना एकशे वीस. प्लेटलेट मात्र अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा देता येतात. आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा, वर्षात चोवीसदा.

एकच्या सुमारास मशिनने आवाज दिला. उरलेलं रक्त परत आलं, सुई निघाली, कापूस, पट्टी. पोरगी पिशवी घेऊन पलीकडच्या काचेच्या कपाटाकडे गेली. त्या कपाटातले ट्रे एकसारखे डुलत असतात. प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. वीस ते चोवीस अंशांत, सतत हलवत ठेवायच्या. त्याही फक्त पाच दिवस. माझी पिशवी मात्र कपाटात फार वेळ राहणार नव्हती. बाहेर तिची वाट बघत होते.

सव्वा

चहा, बिस्किटं, आणि वीस मिनिटं बसून राहण्याची सक्ती. बाकावर शेजारी एक शेतकरी बसले होते. धोतर, टोपी, हातात इस्पितळाची फाइल. कुणासाठी, हे विचारायचं नसतं, दात्याला रोग्याचं नाव सांगतही नाहीत. पण माणसं बोलतात. लेकीला रक्ताचा कॅन्सर. किमो चालू आहे, आणि किमोने हाडातल्या मगजाचा कारखानाच काही काळ बंद पडतो. रोगट पेशींबरोबर चांगल्याही मरतात. हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर लाल ठिपके उठलेत. सोलापूरच्या इस्पितळांत धाराशिव, लातूरकडून, पलीकडे विजयपूर, कलबुर्गीकडूनही माणसं येतात. या गावात त्यांच्या ओळखीचं कुणी नसतं. रात्री अपरात्री ते प्लेटलेटचा दाता कुठून आणणार?

मी आतून आलो हे त्यांनी पट्टीवरून ओळखलं. ती पिशवी त्यांच्याच लेकीसाठी होती की दुसऱ्या कुणासाठी, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. ते उठले, खिशात हात घातला. "साहेब, तुमचं काय द्यायचं?"

मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "काही नाही अप्पा. याला पैसे घेत नसतात."

तसं ते घेताही येत नाहीत. पैसे घेऊन रक्त देणारे लोक आपल्या देशात उघडपणे होते, ही गोष्ट फार जुनी नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, त्या माणसाचा खिशात गेलेला हात मला दिवसभर आठवत राहिला. आधीच दवाखान्यात रिता होत चाललेला खिसा तो.

अडीच

दुकान. मालकांनी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून ठेवली होती. चक्कर नाही, थकवा नाही. कोपरापाशी थोडं ठणकत होतं इतकंच. दुपार सुस्त गेली. दोन शाळेच्या गणवेशांचं कापड आणि एक कटपीस.

सहा

संध्याकाळी थोडी वर्दळ झाली. दुकानातली दोन पोरं मंडळाची कार्यकर्ती आहेत. पट्टी बघून जवळ आली. "मामा, आत्ता गणपतीत आपल्या मंडळानं एवढं मोठं शिबिर घेतलं. पिशव्यांचा ढीग लागला. तरी प्लेटलेट कमी कशा पडतात?"

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर गावातल्या प्रत्येक मंडळाला माहीत असायला हवं. शिबिरातल्या रक्तातल्या तांबड्या पेशी पस्तीस-चाळीस दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर. प्लेटलेट मात्र पाच दिवस, आणि त्याही रक्त घेतल्यापासून सहा-आठ तासांच्या आत वेगळ्या काढल्या तरच. म्हणजे विसर्जनाच्या आठवड्यात जमलेल्या प्लेटलेट पंधरवडा निम्मा सरायच्या आत संपल्या. आणि पाऊस सरतानाचे हेच दिवस डेंग्यूचे. एका दिवशी हजार जण आले तरी पुढच्या बुधवारची सोय होत नाही.

डेंग्यूवरून पोरांनी विचारलं, कारण गेल्या वर्षी गल्लीत घराघरांतून तापाचे रुग्ण होते आणि 'प्लेटलेट पाहिजेत' अशी धावाधाव झाली होती. इथे मला एक सांगायचं आहे. डेंग्यूत आकडा उतरला म्हणजे लगेच पिशवी चढवायची असं नसतं. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा देऊ नये, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. बहुतेकांचे आकडे ताप उतरल्यावर आपोआप चढतात. ऐंशी हजारांचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांशी भांडणाऱ्या नातेवाइकांची काळजी मी समजू शकतो, पण तशी उगाच चढवलेली पिशवी किमोवाल्या पोरीच्या वाट्याची असू शकते.

"मग आम्ही काय करायचं?" पोरांनी विचारलं.

शिबिरं घ्या, ती हवीतच. अपघाताला, बाळंतपणाला, थॅलेसेमियाच्या मुलांना तांबड्या पेशी लागतातच. पण शिबिराच्या टेबलावर आणखी एक वही ठेवा. जे प्लेटलेट द्यायला तयार आहेत आणि कामाच्या दिवशी बोलावलं तर येऊ शकतात, त्यांची नावं, रक्तगट, फोन. ती वही रक्तपेढीकडे द्या. मंडळाला हार-तुरे, फोटो काही मिळणार नाही यात. त्या पोरांनी वही करायचं कबूल केलं, आणि पहिलं नाव माझं घाला, असं मी सांगितलं.

साडेनऊ

शटर खाली ओढायला आज दुसरे होते. रस्त्यावर दुकानांचे दिवे विझत होते आणि मी मनात हिशेब करत होतो. नवी पेठेत ओळीने दुकानं. कापडाची, चपलांची, मोबाइलची, दागिन्यांची. प्रत्येकात दोन-चार तरणीताठी माणसं. अठरा ते साठमधली, पन्नास किलोंच्या वरची, आणि रक्तपेढ्यांपासून जवळ. अडचण असते ती त्या तीन तासांची.

म्हणून माझं सांगणं दात्यांइतकंच मालकांना आहे. तुमच्या माणसाला रक्तपेढीतून फोन आला तर त्याला सोडा, मजुरी कापू नका, आणि परत आल्यावर त्या दिवशी जड काम सांगू नका. आणि जे माझ्यासारखे नेमाने रक्त देतात त्यांनी जवळच्या रक्तपेढीत जाऊन विचारा, प्लेटलेट काढायचं मशिन आहे का. असेल तर नाव नोंदवून या. अठ्ठावीस दिवस रक्त दिलेलं नसावं, तीन दिवस अॅस्पिरिन नसावी, पोटात काही असावं आणि फोन चालू असावा.